साखरपुडा मोडून आम्ही बेटावर गेलो

साखरपुडा मी मोडला तेव्हा दिवाळीची सुट्टी लागायला दोन दिवस राहिले होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी किकवीजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची आणि भोरहून एसटीनं जाऊन-येऊन करायची. मुलगा पुण्याचा, नोकरीत पक्का, दिसायला चांगला. तो मला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. तो फक्त विचारायचा. आज कुणाशी बोललीस, एसटीत शेजारी कोण बसलं होतं, पंजाबी ड्रेस कशाला घातलास. शेजाऱ्यांच्या घरी त्याचा फोन आला की आधी मनात उत्तरं जुळवायची आणि मगच रिसीव्हर कानाला लावायचा, अशी मला सवय लागली होती. पाच महिने हे चाललं. एका रविवारी आईला म्हणाले, "मला हे लग्न नाही करायचं," आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतली.

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. आई फक्त रडली. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायचे, ताट सरकवायचे, पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. मला वाटलं, यांना मी चार लोकांत मान खाली घालायला लावली.

सुट्टी लागली त्या सकाळी आत्या आली. आत्या वेल्ह्याकडं नर्स होती. लग्न न केलेली, पन्नाशीला टेकलेली, वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन लसी टोचणारी. तिच्या पाठीवर एक सॅक होती आणि हातात दुसरी रिकामी. ती माझ्यासमोर टाकून म्हणाली, "दोन ड्रेस आणि चादर भर. बाकीचं मी घेतलंय."

"कुठं जायचंय?"

"बेटावर. चार दिवस."

भाटघरचं धरण भरलं की फुगवट्यातल्या एका टेकडीला चारी बाजूंनी पाणी लागतं आणि पुढं उन्हाळ्यापर्यंत तिचं बेट होतं. तिथं धनगराचं एक छप्पर होतं. म्हातारा, म्हातारी आणि त्यांची शेरडं. मुलगा-सून मेंढरं घेऊन सारोळ्याकडं उतरले होते. त्या सुनेचं पहिलं बाळंतपण आत्यानं भर पाण्यात, होडीत केलं होतं. त्यामुळं आम्ही होडीतून उतरलो तशी म्हातारी दोन्ही हात पसरून धावत आली. "शिस्टरबाई आल्या वं! अन् ही कोण?"

"भाची माझी. हिला थोडी हवा पाहिजे."

"हवा लई हाय हितं," म्हातारी म्हणाली, आणि चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा चढवला.

पहिला दिवस मी नुसती झोपले. छपराच्या सावलीत, सॅक उशाला घेऊन. जाग आली की समोर पाणी, पलीकडं डोंगर. पुन्हा डोळे मिटायचे. मला कुणी उठवलं नाही, जेव म्हणूनही नाही. भूक लागली तेव्हा टोपलीत नाचणीची भाकरी होती आणि मिरचीचा खरडा.

दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागं फिरताना म्हातारीनं सरळच विचारलं, "मारत हुता का त्यो?"

आत्यानं तिला कधी सांगितलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "नाही हो आजी."

"दारू?"

"नाही. सारखं विचारायचा. कुठं गेलीस, कुणाशी बोललीस."

म्हातारीनं जरा विचार केला. मग खाली उतारावर बसलेल्या म्हाताऱ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्यांनी जलमभर मला एकच इचारलं. शेरडं समदी आली का?" आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. किती महिन्यांनी मी मनापासून हसले होते!

तिसऱ्या दिवशी आत्यानं मला पाण्यात नेलं. नदीकाठी वाढलेली असल्यामुळं ती पट्टीची पोहणारी होती. मला पोहता येत नव्हतं. तिनं माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, "अंग सोड. मान ताठ धरू नकोस." मी चार वेळा नाकातोंडात पाणी घालून घेतलं. पाचव्या वेळी कान पाण्याखाली गेले, सगळे आवाज थांबले आणि वर नुसतं आभाळ उरलं. तिनं हात कधी काढला ते मला कळलंच नाही. मी तरंगत होते. उन्हानं पोट तापत होतं, पाठ गार होती. मी नाही म्हटलं, आणि आता ते झालंय, एवढंच डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी होडी आली तेव्हा तिच्यात अण्णा बसले होते. हातात चपला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ते वर आले, म्हातारीनं दिलेलं पाणी प्यायले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर दगडावर टेकले.

"काल ती मंडळी येऊन गेली," ते म्हणाले. "त्यांची अंगठी, साडी मी परत दिली. चहा घेऊन ती गेली."

"भांडली का?"

"नाही. मुलाची आई जरा बोलली. मी ऐकून घेतलं." त्यांनी दुमडलेली पँट खाली केली. "मला तो पोरगा पहिल्यापासून पटला नव्हता. तुला पसंत आहे असं वाटलं, म्हणून गप्प बसलो."

मी त्यांच्याकडं वळले. "अण्णा, मला वाटलं तुम्हालाच तो पसंत आहे."

"मग मी बोलत का नव्हतो असं वाटलं तुला?"

"रागावलात म्हणून."

"तुला काय तोंड दाखवू, ते कळेना मला," ते म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागले. मला एकदम रडू फुटलं. ते रडणं दुःखाचं नव्हतं.

होडीवाल्याला अण्णांनीच दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुपारी ते पोटभर भाकरी खाऊन छपरात आडवे झाले आणि घोरू लागले. म्हातारा बाहेरून शेरडं हाकत होता. आत्या चादर झटकून वाळत घालत होती. मी एकटीच पाण्याकडं निघाले तशी ती ओरडली, "कमरेच्या पुढं जाऊ नकोस गं!"

"नाही जात," मी म्हणाले, आणि चपला काठावर काढून आत शिरले.