हिरामणचा ट्रेबल

"ट्रेबल कमी कर, हिरामण."

"कमीच आहे."

"कमी? कानात सुई घुसतेय!"

"मग कापूस घाल. मागच्या अल्बमला हाच आवाज डोक्यावर घेऊन नाचलीस ना तू?"

"तेव्हा आवाज होता तो. आता नुसती किंकाळी आहे. भूषण, सांग ना याला!"

ड्रममागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या बुद्धभूषणनं आत्ताचं रेकॉर्डिंग स्क्रीनवर उघडलं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या बंद पडलेल्या जीन्सच्या गाळ्यात तालमीला भांडणं रोजचीच होती. पण आज मायाचा आवाज कापत होता.

हिरामण हेंद्रेपाड्याचा. बापाची बेंजो पार्टी. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा टेम्पोवर, स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून हळदी वाजवायचा. नवरा नाचून दमायचा, करवल्या दमायच्या, हिरामण दमायचा नाही. दिवसा अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंग, लग्नसराईत बेंजो.

अशाच एका हळदीत अंबरनाथच्या मायानं त्याला ऐकलं. तिचं घर भीमगीतं गाणारं, ती स्वतः बेस गिटार घेऊन काहीतरी वेगळंच शोधत फिरणारी. दुसऱ्या दिवशी दारात हजर. "कालची ती चाल चौपट हळू वाजवून दाखवाल?"

हिरामणची आई हसली. "मयताला वाजवायची काय?"

त्यानं वाजवली. तिच्यासोबत आलेल्या बुद्धभूषणनं मिक्सर दुरुस्त करता करता जोडलेल्या इको बॉक्समधून एक सूर गेला आणि परत आला तो भलताच होऊन, रंग बदलून. बँडचं नाव तिथंच ठरलं, इथल्या नदीचं, 'वालधुनी'. "लोक नशा करून रंग बघतात," माया म्हणाली, "आपल्याला पुलावरून खाली बघितलं की झालं. कारखान्यांच्या रंगानं आज नदी निळी, उद्या लाल."

पहिला अल्बम तसाच होता, संथ, गढूळ, एकेक गाणं अर्धा तास वाहणारं. दुसऱ्यात बेंजो किंचाळायला लागला. मुंबई-पुण्याची पोरं डोळे मिटून उभी राहायची. कुणीतरी लिहिलं, ही त्या नदीची किंकाळी आहे, हा कलाकार निर्भय आहे. हिरामणनं ते मायाकडून दोनदा वाचून घेतलं. हळदीत त्याला सगळे 'ए बेंजो' म्हणायचे.

दोन अल्बमच्या मध्ये काय झालं, ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कानाचे डॉक्टर म्हणाले होते, "वरचे सूर गेलेत. परत येणार नाहीत. स्पीकरपासून लांब राहा, नाहीतर उरलेलंही जाईल." तो "हो" म्हणाला आणि त्याच आठवड्यात एक हळद वाजवून आला. मग स्वतःचाच बेंजो स्वतःला ऐकू यावा म्हणून ट्रेबलचं, वरचे सूर वाढवणारं, बटण थोडं फिरवलं. मग अजून थोडं.

"नको ना भांडू," बुद्धभूषण शेवटी उठला. "तूच ऐक. मी खालचे सगळे सूर कापलेत, फक्त तुझा वरचा आवाज ठेवलाय." त्यानं एक हेडफोन हिरामणच्या डोक्यावर चढवला, दुसरा मायाला दिला आणि बटण दाबलं.

मायानं दचकून हेडफोन ओरबाडून काढला. कान दाबून धरला.

हिरामण वाट बघत बसला होता. शांत. जरा वैतागलेला.

"लाव की मग," तो म्हणाला. "कशाची वाट बघतोय?"

बुद्धभूषणनं स्क्रीनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "चालू आहे, हिरामण."

"काय?"

"चालू आहे. कधीचं."

माया उठून त्याच्यासमोर आली, गुडघ्यावर बसली. त्याचा हेडफोन तिनंच उतरवला.

"कधीपासून?"

तो बेंजोच्या तारा पुसायला लागला.

"डॉक्टरकडे जाऊ. बेंजो बंद करू थोडे दिवस. बँडही बंद करू, खड्ड्यात गेला बँड." तिला रडू फुटलं होतं, पण ती थांबली नाही. "फक्त एक सांग. मी सगळीकडे बोलत फिरले, अरे. स्टेजवर, मुलाखतीत. ती किंकाळी... ती तू मुद्दाम वाजवली होतीस ना? तुला तशीच हवी होती ना?"

ती इतकी जवळ होती की त्याला शब्दन् शब्द ऐकू आला. तो उठला. बेंजो खोळीत घातला, चेन लावली, खांद्याला अडकवला.

"हिरामण, बोल ना रे!"

त्यानं अर्धं शटर वर सारलं आणि वाकून बाहेर पडला.