एका स्पीकरसाठी अख्खा सेट

रविवारी सकाळी मी, आप्पा आणि चादरीत गुंडाळलेले आमचे दोन जुने स्पीकर असे रिक्षाने जुळे सोलापूरला गेलो. तिथल्या एका काकांना त्यांचा होम थिएटरचा सेट विकायचा होता. पाच स्पीकर, वर एक सबवूफर... मला तो आमच्या स्पीकरशेजारी ठेवून ऐकायचा होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एमआयडीसीतल्या शेडमध्ये पॉवरलूम चालवला, त्या खडखडाटात कान गेले. आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर म्हणाले, "परत शेडमदी बसल्यागत वाटतंय गं," आणि काढून ठेवलं.

मध्यंतरी माझ्या एक लक्षात आलं. टीव्हीवर विनोद झाला की आप्पा आमच्या तोंडाकडे बघायचे, आणि आम्ही हसलो की मग हसायचे... ते कळल्यापासून मला टीव्हीसमोर बसवेना.

भाऊ म्हणाला, "त्यांना ऐकूच येत नाही, थेटर कशाला?" अरे, म्हणूनच! ज्याला सगळं ऐकू येतं त्याला काय गरज आहे?

काकांनी दारातच विचारलं, "मिस्टर नाही आले?" मी म्हटलं, ऐकायचंय आप्पांना, मिस्टरांचं काय काम? मग त्यांनी फुल आवाजात मारामारीचा सीन लावला. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि काका कौतुकाने माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं, मारामारी नको, माणसं बोलताहेत असं काहीतरी लावा.

शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून लूमवाले हातांनी बोलतात. आम्ही भावंडं ती भाषा घरातच शिकलो. काकांनी बोलण्याचा सीन लावला, तेव्हा आप्पांनी दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवल्या आणि लांब नेल्या... धागा तुटला. म्हणजे त्या सगळ्या धडधडीत शब्द तुटतोय.

मग आमचे दोन लावून पाहिले. आप्पांनी पुन्हा तीच खूण केली, पण जरा उशिराने, म्हणजे थोडं जास्त कळत होतं. शेवटी मीच काकांना म्हटलं, आमचे दोन राहू द्या, त्यांना तुमचा फक्त मधला स्पीकर जोडा. नुसतं बोलणं ज्यातून येतं तो. घरच्या आमच्या ॲम्प्लीफायरला त्याची जागा कित्येक वर्षं रिकामीच आहे.

आप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले. बराच वेळ हात मांडीवरच होते. मग मोठ्यांदा म्हणाले, "आता न्हाय तुटत की!"

काका म्हणाले, "सेट फोडून देणार नाही, ताई." बरं. सगळा द्या!

बाकीचे चार स्पीकर आणि तो धडधड्या सबवूफर माळ्यावर पडलेत. भाऊ वेड्यात काढतो, नवरा म्हणतो जाहिरात टाकून विकून टाक. विकेन, मला वाटेल तेव्हा. एका स्पीकरसाठी अख्खा सेट घेतला, हो, घेतला! ज्या माणसाने आम्हाला वाढवण्यात स्वतःचे कान घालवले, त्याच्यासाठी एवढंही करायचं नाही का?

काल संध्याकाळी मालिका चालू होती. मी भाजी निवडत बसले होते, माझं लक्षच नव्हतं. अचानक आप्पा खो-खो हसले... मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग मीही हसले.