रानमांजरावरचा आळ

मी संशयी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला समोर माप भरत असला तरी माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे. त्यामुळे बागेतल्या बुलबुलाच्या दोन पिल्लांपैकी एक नाहीसं झालं, तेव्हा चोर शोधायला मला क्षणही लागला नाही. रानमांजर! दुसरं कोण?

गंगापूर रोडची दुकानं मागे पडली की पुढे आमची द्राक्षबाग. ते मांजर संध्याकाळी बांधाच्या कडेनं जायचं. उंच पाय, आखूड शेपूट, कानांच्या टोकांना काळे केस. पायांचा आवाज नाही, थांबणं नाही, नजरेला नजर देणं तर नाहीच. बुलबुल मात्र मांडवाच्या तारेवर बसून सगळ्यांदेखत गाणार. खरं तर हाच बुलबुल माझे साखर भरलेले घड टोचतो, आणि ते मांजर ठिबकच्या नळ्या कुरतडणारे उंदीर मारतं. पण गाणाऱ्यावर संशय घ्यायला माझ्यासारखीचंही मन धजत नाही.

पेठ तालुक्यातून बागेच्या कामाला येणाऱ्या मावशींनी मांडवातलं घरटं निरखून पाहिलं.

"ताई, मांजर चढलं असतं तर घरटं इस्कटलं असतं. हे तर जसंच्या तसं हाय."

"लबाड असतात मांजरं," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी दिवाळीतले उरलेले फटाके लावून मी मांजराला ओढ्यापार पिटाळलं. तरी मनात शंकेची पाल चुकचुकत होतीच. उरलेलं पिल्लू उडेपर्यंत मला काहीही करून जपायचं होतं. घरटं ओट्यावरून स्वच्छ दिसावं म्हणून त्याच्यापुढची पानं मी स्वतः खुडली.

"पार उघडं पडलं की, ताई," मावशी म्हणाल्या.

"उघडंच हवंय मला," मी म्हटलं आणि काठी घेऊन ओट्यावर खुर्ची टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज आला. तांबूस पंख, लालभडक डोळे. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे आईनं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं. मी काठी खाली ठेवली, उठून उभी राहिले आणि हात जोडले. दचकून उडून जाऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते.

तो मांडवावर चढला. आडोसा मी ठेवलाच नव्हता. दोन उड्यांत तो घरट्यापाशी पोचला आणि पिल्लू चोचीत धरून शेजारच्या बाभळीत शिरला. बुलबुलाची जोडी किंचाळत त्याच्या मागे गेली.

मावशी वेलींच्या ओळीत उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मीही खाली पाहिलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात अजून जोडलेलेच होते.