सक्तीच्या भरतीचा कर्नल

निवृत्त माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. एका खुर्चीत रोज बसलं, की तेच शेजारी येऊन बसतात. फायलींसारखे साठतात, आणि फायलींसारखेच कोणी मागायला येत नाही!

मी साताऱ्याच्या कोर्टातला निवृत्त हेडक्लार्क. २०१७ च्या उन्हाळ्यात मुलाकडे आयर्लंडमध्ये होतो, डब्लिनजवळच्या ल्यूकनला. मुलगा-सून ऑफिसात, आणि मी कोपऱ्यावरच्या कॅफेत. तिथे दोघं भेटले. एक नोरा, निवृत्त आयरिश नर्स. दुसरे कर्नल, शहाऐंशी वर्षांचे अमेरिकन, आजोबांच्या देशात येऊन राहिलेले. लष्करातले वकील. व्हिएतनामच्या लढाईसाठी सक्तीची भरती चालू होती, तेव्हा एका राज्यातली सूट मागणारी अपिलं यांच्या टेबलावरून जायची. कोण घरी राहणार आणि कोण लढाईवर जाणार, ते यांच्या सहीने ठरायचं.

त्या जूनमध्ये कर्नलना एक पत्र आलं. वॉल्टर नावाच्या माणसाचं. 'माझं अपील तुम्ही फेटाळलंत. मी गेलो, परत आलो. पुढच्या आठवड्यात डब्लिनला येतोय. एक प्रश्न विचारायचा आहे.'

तेव्हापासून कर्नल खुर्चीत टिकेनात. उठायचे, खिडकीशी जायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. "काय विचारायचं असेल त्याला?"

इकडे अनोळखी माणसालाही 'युअर मॅन' म्हणतात, आणि 'ठीक'ला 'ग्रँड'. नोरा म्हणाली, "युअर मॅन येऊ तर दे, सगळं ग्रँड होईल! तोवर बसा आणि जुनं काहीतरी सांगा."

*

पायाचे तळवे सपाट असले की लष्करात घेत नसत. एका गावातून सपाट तळव्यांचे दाखले येऊ लागले. सगळे एकाच डॉक्टरचे. तेव्हा मेजर असलेले आमचे कर्नल चौकशीला गेले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बूट काढा." तळवे दाबून पाहिले आणि दाखला लिहायला घेतला.

"तुमचेही सपाटच, मेजर. घरी जा!"

*

एकदा कारकुनाने जन्मसाल चुकवलं आणि नोटीस गेली ऐंशी वर्षांच्या आजोबांना. आजोबा सकाळी सहाला बॅग घेऊन हजर! कर्नल म्हणाले, "चूक आमची. तुम्ही परत जा." आजोबा हलेनात.

"बायकोचा निरोप घेऊन आलोय. रडली हो ती, कितीतरी वर्षांनी! आता कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

मी काळजीने विचारलं, "त्या कारकुनाचं काय केलंत?"

"बढती दिली. त्याच्यामुळे त्या महिन्यात एक तरी माणूस आनंदाने आला."

*

मीही साताऱ्याची भरती सांगितली. आमच्या शेजारच्या पोराची छाती एक सेंटीमीटर कमी भरली, तर तो मैदानातच रडत बसला. वर्षभर केळी-दूध चालू, आणि पुन्हा रांगेत!

कर्नल थक्क. "म्हणजे तुमच्याकडे 'घेतलं नाही' म्हणून तक्रार करतात?"

"वशिला पण लावतात."

"मग माझी बदली तिकडे का नाही केली कोणी?" म्हणाले, आणि उठून खिडकीशी गेले.

*

भेटीच्या आदल्या दिवशी त्यांनी उत्तरं लिहून आणली. कायद्याचं कलम, अपुरा पुरावा, वरचे आदेश. नोराने कागद वाचला आणि परत दिला.

"काय दुखतंय ते विचारायच्या आधीच औषध लिहिलंत? डॉक्टरच व्हायचं होतं तुम्ही!"

*

भेट डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात ठरली. "साक्षीदार असावा," म्हणून कर्नल मलाही घेऊन गेले.

वॉल्टर सत्तरीचा, काठी टेकत आला. हात पुढे केला नाही. खिशातून अपिलाची प्रत काढली. सहा पानं, दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेली.

"माझ्या आईला दिसत नव्हतं. घरात तिसरं कोणी नव्हतं. सगळं यात लिहिलं होतं." मग त्याने कर्नलकडे पाहिलं. "प्रश्न एकच आहे. तुम्ही हे वाचलं होतं का?"

कर्नलचा हात कोटाच्या खिशातल्या उत्तरांच्या कागदाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी ढीग होता. मी सह्या करत गेलो."

वॉल्टरने काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"इतकी वर्षं मी समजत होतो, वाचून नाही म्हणालात."

त्याने सहाही पानं कर्नलपुढे सरकवली आणि वेटरला हाक मारली.

"तीन चहा. आणि खिडकीजवळचं टेबल मिळेल का? या साहेबांना वाचायचंय."