निळ्या गाडीचा मागचा टायर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. सांगायला बसलो की मी गाडीचंच वर्णन करत राहतो – आणि ऐकणारा खूश होऊन म्हणतो, वा, काय गाडी असेल! मग पुढचं राहूनच जातं. आत्ताही तसंच होईल का? कोण जाणे. पण सुरुवात गाडीपासूनच करावी लागेल. दुसरीकडून मला येताच येत नाही.

तेव्हा मी धुळ्याला डिप्लोमा करत होतो. मेकॅनिकल. आमचं गाव सोनगीरपासून आत, रस्ता संपतो तिथे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच गावात मला ‘इंजिनियर’ म्हणत. मला ते आवडायचं. अवघडायलाही व्हायचं, पण आवडायचं जास्त. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते शेतावरून येता येता कुणाचंही बंद पडलेलं ऑइल इंजिन माझ्या नावावर घेऊन यायचे – पोरगा रविवारी येईल, तो बघेल. रविवारी मी बघायचो. कधी कधी ते चालूही व्हायचं.

कॉलेज सुटलं की मी आग्रा रोडवर दगू मिस्तरींच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. ते दिवस मला अजून वासानं आठवतात – तापलेलं डांबर, ग्रीस, समोरच्या धाब्यावरच्या शेवभाजीचा तिखट धूर. रस्त्याच्या दोन्ही अंगाला टायरांची दुकानं. ट्रकचे, ट्रॅक्टरचे, जीपचे टायर एकावर एक रचलेले आणि वर काळ्या ट्यूबा लटकलेल्या. त्या सगळ्यात एक दिवस ती गाडी आली. ट्रॅक्टरमागे बांधून ओढत आणली होती.

जळगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याची गाडी. तो वारला, पोरांना तिचं काय करावं कळेना, म्हणून मिस्तरींनी घेतली. अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची. निळी – ऊन लागून फिकी झालेली, पण दाराच्या आतल्या कडेला मूळचा रंग होता, मोराच्या मानेसारखा. बॉनेट एवढं लांब की त्याच्यावर एक माणूस आडवा झोपला असता. मिस्तरींनी इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा धाब्यावरची माणसं हातातला घास ठेवून बाहेर आली. तो आवाज कानाला नाही, पोटाला ऐकू यायचा. लग्नाच्या वराती करायला ही गाडी लावायची, असा मिस्तरींचा बेत होता. फक्त तिला धड टायर नव्हते. चाकं काढून तिला विटांवर ठेवली होती.

“इंजिनियर,” मिस्तरी म्हणाले, “इंजिन माझं. टायर तुझे. इंग्रजीत काय काय लिहिलंय त्याच्यावर, ते तू बघ.”

झिजलेल्या जुन्या टायरवर लिहिलं होतं – F70-14. मी कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं. चौदा म्हणजे रिमचे इंच. सत्तर म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, ते. आणि अक्षर जितकं पुढचं, तितका टायर मोठा आणि भार घेणारा. एवढं समजल्यावर मला वाटलं, सगळंच समजलं. त्या मापाचा टायर धुळ्यात मिळणार नव्हता. चौदा इंचातच टेम्पोचा एक अरुंद टायर मिळत होता, तो निमूट बसला असता. पण त्या गाडीला ते टायर म्हणजे पैलवानाला पोराच्या चपला. आणि त्याच लायब्ररीत, एका जुन्या इंग्रजी मासिकात, मी तसल्या गाडीचा फोटो पाहिला होता. मागचे टायर हे रुंद, गाडी मागून जरा उचललेली, उडी मारायच्या बेतात असल्यासारखी. तो फोटो माझ्या डोक्यातून जाईना.

मुंबईच्या एका भंगारवाल्याकडे F चे दोन आणि L60-14 चे दोन होते. वापरलेले, पण चांगले. मिस्तरींनी विचारलं, मागे हे एवढे मोठे बसतील ना? मी टेप घेतली, गाडीखाली शिरलो, मडगार्डच्या कडेपासून मोजलं. बाहेर येऊन म्हणालो, “आरामात. चांगली दोन बोटं जागा उरते.”

मी काय चुकलो ते तुम्हाला कळलं का? मला तेव्हा कळलं नाही. गाडी विटांवर होती. चाक नसलं की खालचा सगळा सांगाडा लोंबतो, मडगार्ड आणि चाक यांच्यातलं अंतर आहे त्याहून कितीतरी जास्त दिसतं. गाडी जमिनीवर आली, तिच्यात माणसं बसली की मडगार्ड खाली येणार – हे कुठल्याही बैलगाडीवाल्यालाही सांगता आलं असतं. मी लोंबत्या गाडीचं माप घेतलं होतं.

ही चूक झाली. चुकीबद्दल मी हे लिहीत नाहीये. चूक कुणाचीही होते.

टायर चढले आणि गाडी खरंच फोटोतल्यासारखी दिसायला लागली. मिस्तरींनी माझ्या पाठीवर थाप मारली. दोन दिवसांनी आम्ही चौघे-पाच जण तिच्यात बसून नरडाण्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. मी मागे बसलो होतो. खड्डा आला की माझ्या बुडाखालून आवाज यायचा – खर्रर्र. बाकीचे गाण्याच्या नादात होते. परत आल्यावर मी एकटाच वाकून पाहिलं. टायरच्या बाहेरच्या कुशीवर, वरच्या बाजूला, गोल फिरत गेलेली एक चकचकीत रेघ होती आणि मडगार्डच्या आत काजळीसारखी रबराची भुकटी. तेव्हा मला सगळं कळलं. विटा, माप, सगळं. मी ती भुकटी पुसून टाकली. मिस्तरींना काही बोललो नाही. काय बोलणार होतो? दोन बोटं जागा उरते, असं मीच म्हणालो होतो ना?

त्याच वैशाखात दादाचं लग्न होतं. वहिनी बोदवडची. मिस्तरी आपणहून म्हणाले, पहिली वरात तुझ्या भावाची, गाडी मी स्वतः चालवतो. नानांनी ते गावभर केलं. लग्नाच्या मांडवातही, व्याह्यांच्या माणसांना गाडीजवळ नेऊन नेऊन दाखवत होते – “हाई टायर देखा? मना आंडोरनी निवडेल शेतस!” माझा मुलगा, त्यानं निवडलेत. माणसं वाकून टायर बघत होती. मी शेजारी उभा होतो आणि हसत होतो.

मग डिकीत भांडी भरायला लागले. पितळी हंडे, पराती, वहिनीची पत्र्याची पेटी. मागे नवरा-नवरी आणि मध्ये दाटीवाटीनं अक्का – म्हणजे नानांची मोठी बहीण, घरात तिचाच शब्द चालायचा. पुढे मिस्तरी, नाना आणि दाराला चिकटून मी. गाडी मागून बसली. मी खाली उतरून पाहिलं, मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटसुद्धा गेलं नसतं. भांडी टेम्पोत टाका – एवढंच म्हणायचं होतं. वऱ्हाडाचा टेम्पो तिथेच उभा होता, अर्धा रिकामा. कुणी कारण विचारलं असतं. मी दार लावून बसलो.

आणि खरं सांगू? तो प्रवास मला अजून आवडतो. हे सांगायलाही लाज वाटते. जळगाव मागे पडलं, पारोळ्याला आम्ही बर्फ घातलेला उसाचा रस प्यालो, गावोगावची पोरं गाडीमागे पळत होती. वहिनी पहिल्यांदा बोलली ती अक्कांशी. “पाणी देऊ का? घसा कोरडा पडू राहिला असन तुमचा.” अक्का तिच्या बोलण्याला हसल्या, तिची नक्कल केली, वहिनीही शालूच्या पदरात हसली. उन्हात निळं बॉनेट चमकत होतं. दर खड्ड्याला खर्रर्र. दादानं एकदा विचारलं, कसला रे आवाज? मी म्हणालो, भांडी.

गावातल्या बोळात गाडी जाणार नव्हती. म्हणून वेशीपासून घरापर्यंत नवरा-नवरीला बैलगाडीतून न्यायचं, ही नानांची हौस. आमची जोडी झुली घालून, शिंगं रंगवून वेशीतल्या ओढ्यावरच्या मोरीजवळ उभी होती. वाजंत्री लागली. आमची गाडी मोरीच्या उंचवट्यावर चढली, उतरताना दणकन बसली – आणि मागचा टायर फुटला.

बॉम्बसारखा आवाज. बैलांच्या अगदी कानाशी. जोडी उधळली, बैलगाडी मोरीखाली कलंडली आणि पवळ्या, आमचा उजवीकडचा बैल, जुवासकट खाली गेला. पुढचा पाय मोडला. माणसांपैकी कुणाला काही झालं नाही. धुरळा बसला तेव्हा नाना मोरीखाली पवळ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वहिनीचा एक पाय गाडीत होता, एक बाहेर. आणि अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, सगळ्या वरातीला ऐकू जाईल असं –

“आजून गावमा पाय बी ठेवा नही, तं हाई! नवरीना पायगुण शे, बाई, दुसरं काय?”

बोलायची जागा तीच होती. माझ्या आणि अक्कांच्या मध्ये चार हात अंतर होतं. पायगुण नाही, माप चुकलं, माझ्याकडून – बस, एवढं. मी शिकलेला होतो. त्या गर्दीत हे सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो. मी जॅक काढायला डिकीकडे गेलो.

मिस्तरी म्हणाले, जुना माल, कधी दगा देईल सांगता येत नाही. त्यांनी स्टेपनी लावली, फुटलेला टायर आमच्या खळ्यातच टाकून ते धुळ्याला गेले. पुढे ती गाडीही त्यांनी विकली. वरातीला कुणी बोलवेना म्हणाले.

पवळ्याला नानांनी विकला नाही. तो तीन पायांवर गोठ्यात उभा असायचा. जुंपता येत नव्हता, नुसता उभा. येणारा-जाणारा विचारायचा, याला काय झालं? मग अक्का सांगायच्या. प्रत्येकाला सांगायच्या. आणि त्याला चारा-पाणी करायचं काम वहिनीकडे आलं. कुणी नेमून दिलं नव्हतं. तिनंच घेतलं.

तो ढेपेचं घमेलं कलंडून टाकायचा. नाना म्हणाले, टायरमध्ये बसवा. तो फुटलेला टायर मीच उचलून गोठ्यात नेला. मीच आडवा टाकला – रेघ असलेली बाजू खाली करून.

मी सुट्टीला घरी यायचो तेव्हा वहिनी मला भरीत आणि कळण्याची भाकरी वाढायची. डबा बांधून द्यायची, एसटी निघेपर्यंत दारात उभी राहायची. त्या घरात माझ्याइतकं हसून तिच्याशी दुसरं कुणी बोलत नव्हतं. मी तिला सिनेमाच्या गोष्टी सांगायचो. का सांगायचो? मला वाटायचं, मी तिची भरपाई करतोय.

एकदा, लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, मी गोठ्याच्या दाराशी वाचत बसलो होतो. ती झाडता झाडता टायर उचलून बाजूला करायला गेली आणि तो पालथा झाला. ती तशीच थांबली. मग बोट फिरवत गेली, त्या रेघेवरून, गोल, जिथे टायर फाटला होता तिथपर्यंत.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हे असं सगळीकून कशानं घासलं हो?”

मी पुस्तकातून मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती. तिला संशय वगैरे नव्हता, एवढंच की – मी इंजिनियर होतो आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्यासाठी त्या रेघेत काय होतं, ते मला आता कळतं. टायर रस्त्यात आधीपासून झिजत आला असेल, तर तो तिच्या पायानं फुटला नव्हता. ती स्वतःच तिथवर येऊन पोचली होती. माझ्याकडून फक्त ‘हो’ हवं होतं.

“जुना होता टायर,” मी म्हणालो. “असंच असतं जुन्याचं.”

“असं का,” ती म्हणाली. टायर पुन्हा पालथा घातला, घमेलं ठेवलं आणि झाडायला लागली.

हेच ते. बाकीचं सगळं – विटा, भुकटी, वेस – त्याच्याभोवतीचं आहे. भर वरातीत तोंड उघडायला मी घाबरलो, असं तरी म्हणता येईल. गोठ्यात कोण होतं? ती, मी आणि पवळ्या.

पुढे पवळ्या गेला. अक्काही गेल्या. मला कारखान्यात नोकरी लागली. घरी ट्रॅक्टर आला तेव्हा पूजेचं ताट वहिनीनं शेजारच्या काकूंच्या हातात दिलं आणि ती चुलीकडे निघून गेली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगणारी माणसं उरलीच नव्हती.

गेल्या वर्षी मी सेकंडहँड गाडी घेतली आणि घरी नेली. म्हटलं, वहिनी, पहिल्यांदा तुम्ही बसायचं. नाही नाही म्हणत होती. दादा ओरडला, पोरं ओढायला लागली, तेव्हा आली. दाराशी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मागच्या सीटवर आधी टेकली, मग पाय वर घेऊन मांडी घातली. आम्ही सोनगीरपर्यंत जाऊन आलो. किल्ला दिसला तशी पोरं ओरडली, तीही खिडकीतून बघून हसली. पण जाताना-येताना तिनं गाडीच्या तळाला पाय म्हणून टेकवला नाही.

मी आरशात बघत होतो. गाडीत सहा माणसं होती, रस्ता खड्ड्यांचा होता. कुठेही घासल्याचा आवाज आला नाही. या वेळी टायरचं माप मी गाडी भरून, जमिनीवर उभी करून घेतलं होतं.