हेल्गाबाईंची चांदणी

मंडळी, आज मला खालच्या मजल्यावरच्या हेल्गाबाईंचा चक्क हेवा वाटला.

ईराबरोबर ख्रिसमसच्या कागदी चांदण्या करायच्या म्हणून मी ऑफिसमधून मुद्दाम लवकर आले होते. माझी पहिलीच चांदणी बघून लेक जर्मनमध्ये म्हणाली, "हेल्गा ओमाला छान जमते." आणि कागद उचलून खाली तिच्या या जर्मन आजीकडे पळाली!

थोड्या वेळाने तिला आणायला गेले, तर दोघी कागदांच्या पसाऱ्यात खळखळून हसत होत्या. हेल्गाबाई म्हणाल्या, "या ना, तुम्हीही बसा."

"नको, जेवण तयार आहे," मी म्हणाले. ईरा रडतच वर आली.

खरं तर भातही टाकलेला नव्हता.

कोलोनमध्ये लेकीला आजी मिळाली, याचा आनंद व्हायला हवा ना? तुम्हाला झाला असता?