जिल्हा झाला की

सिद्रामप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर बसलो होतो. हा अलंकार नव्हे. दोन हजार सोळाचा दुष्काळ, लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. मी उदगीरहून शिरूर अनंतपाळच्या कचेरीत अपडाऊन करायचो. एसटी चुकली म्हणून पाण्याची टाकी लादलेल्या एका पिकअपला हात केला. गाडी थांबली. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती, म्हणून मी दार उघडलं, तर आतून आवाज आला, "तिथं न्हाई. वर बसा."

"वर म्हणजे?"

"टाकीवर. झाकणाला धरा."

पंधराशे लिटर पाणी माझ्याखाली डचमळत होतं आणि दर खड्ड्याला झाकणातून एक कारंजं थेट माझ्या बुडाखाली उडत होतं. एका वळणावर मला माझे कैलासवासी आजोबा स्पष्ट दिसले. ते म्हणाले, घट्ट धर. शिरूरला उतरलो तेव्हा सबंध मराठवाड्यात ओलाचिंब असा मी एकटाच माणूस होतो. घागरी घेऊन धावलेल्या बायकांपैकी एक म्हातारी तर माझाच सदरा पिळायला निघाली होती.

मग मी रोज त्याच टाकीवरून जायला लागलो, तेव्हा पुढच्या सीटचं रहस्य मला कळलं. गाडी शोरूममधून आली तेव्हाचं प्लास्टिक त्या सीटवर अजून तसंच होतं. सिद्रामप्पांचं वय सत्तेचाळीस, कपाळावर भस्माचे पट्टे, मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबू टांगावं. लग्न झालेलं नव्हतं. आधी बहिणींची लग्नं झाली, मग आईचं आजारपण झालं, मग वय झालं. आई गेल्यावर ते खाणावळीत जेवायचे. तिथला वाढपी सोडला तर त्यांना "अजून वाढू का?" असं विचारणारं जगात कुणी नव्हतं. घरातून निघताना ते रेडिओ चालू ठेवून निघत. मी विचारलं तर म्हणाले, "कुलूप काढताना आतून कुणीतरी बोलल्यालं बरं वाटतंय."

ती सीट राखीव होती. कुणासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुष्काळानं ते ठरवून दिलं.

शिरूरला ते शिवगंगाबाईंच्या पिठाच्या गिरणीसमोर गाडी लावायचे, कारण तिथं कडुलिंबाची सावली होती. शिवगंगाबाई चाळिशीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पापण्यांवर कायम पीठ आणि जिभेवर कायम मीठ. दोघंही लिंगायत, आणि लिंगायतांत विधवेच्या दुसऱ्या लग्नाला कुणी अडवत नाही. अडवत होते ते फक्त सिद्रामप्पा, स्वतःला. बाईंच्या घागरी ते स्वतः भरून उंबऱ्यापर्यंत नेत आणि परत येताना त्यांच्या मिशांवर पीठ असे. ते कसं येई, हे टाकीवरून पाहूनही मला कधी उमगलं नाही.

एकदा ते धीर करून म्हणाले, "उदगीरला काही काम असलं तर सांगा. सोडतो. पुढची सीट रिकामीच असतीय."

बाईंनी गाडीकडे पाहिलं. चाकांच्या लोखंडी डिस्क गंजलेल्या, चिखलानं माखलेल्या. "या गाडीत? म्हशीच्या पाठीवर बसल्यागत दिसंल, अप्पा. आधी हिच्या पायांत पैंजण घाला, मग बसते."

बाई हसून आत गेल्या. उदगीरला पोचल्याबरोबर सिद्रामप्पांनी गाडी ग्यानोबा टायरवाल्याच्या दुकानासमोर उभी केली. दुकानात नांदेडहून आलेली चकचकीत मॅकव्हीलं टांगलेली होती. शहरातले लोक त्यांना अलॉय म्हणतात, पण आमच्याकडे ती मॅकव्हीलंच. पाच पाकळ्यांची, चांदीसारखी.

"ही चार बसव," सिद्रामप्पा म्हणाले.

ग्यानोबानं आधी टाकीकडे पाहिलं, मग अप्पांकडे. "येडे झालाव का? लोखंडी डिस्क खड्ड्यात गेली तर वाकती, घन घातला की सरळ होती. हे तडकतंय. पंधराशे लिटर घेऊन शिरूरचा रस्ता? आठ दिस टिकायचं न्हाई."

"आन् टाकी उतरवली तर?"

"मग काय, नवरदेवाची गाडी दिसंल. पण टाकी उतरवून जाणार कुठं?"

हा प्रश्न ग्यानोबानं सहज विचारला होता. सिद्रामप्पा मात्र स्टुलावर बसले. लोखंडी चाकं ठेवली तर शिरूरला रोज जाता येत होतं, पण बाई गाडीत बसणार नव्हत्या. मॅकव्हीलं घातली तर बाई बसतील, पण पाणी नेता येणार नाही, आणि पाण्याशिवाय त्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं? मी म्हटलं, "अहो, सरळ विचारा ना त्यांना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा टाकीवर जाऊन बसलो.

"काय करू मग? बसवू?" ग्यानोबा म्हणाला.

"जिल्हा झाला की बसवू," सिद्रामप्पा म्हणाले.

हे आमचं उदगिरी उत्तर आहे. उदगीर जिल्हा होणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत आलोय की त्याची एक म्हणच झाली. नळ कधी येणार? जिल्हा झाला की. जावई सासऱ्याला भेटायला कधी येणार? जिल्हा झाला की. कुणाला तोंडावर "न्हाई" म्हणू नये, म्हणून काढलेली ही आमची सभ्य युक्ती. पार शिरूरपर्यंत तिचा अर्थ सगळ्यांना कळतो.

चार दिवसांनी सिद्रामप्पांनी मधला मार्ग काढला. लोखंडी डिस्क तशाच ठेवल्या आणि त्यांवर प्लास्टिकच्या चंदेरी टोप्या बसवल्या, हुबेहूब मॅकव्हीलसारख्या. गाडी धुतली. दुष्काळात गाडी धुतली! मिशांना तेल लावलं. सीटवरच्या प्लास्टिकवर एक टॉवेल अंथरला. मी नेहमीप्रमाणे वर.

पहिली टोपी उदगीरच्या बाहेरच उडाली आणि एका शेळीच्या मागे धावली. मी वरून ओरडलो, पण खाली गाडीतला रेडिओ चालू होता. दुसरी पुलावरून कोरड्या नदीत गेली. तिसरी शिरूरच्या वेशीत लोळत आमच्या पुढं गेली आणि डावीकडे वळली. आम्हाला सरळ जायचं होतं.

गिरणीसमोर गाडी थांबली. शिवगंगाबाई दारात आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की पापण्यांवरचं पीठ उडालं. "अगं बया! एकाच पायात पैंजण घालून आणलंव व्हय, अप्पा?"

सिद्रामप्पा उतरून चारी चाकं बघून आले. चेहरा बघवेना.

तेवढ्यात बाईंचं हसू थांबलं. त्या गाडीजवळ आल्या, उरलेल्या टोपीवरून पदराच्या टोकानं धूळ पुसली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. मी काय चाकं बघून बसणार हाय? कधी न्यायलाव सांगा."

मी टाकीवरून पुढं वाकलो. सिद्रामप्पांचे ओठ हलले. सत्तेचाळीस वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. तयार होतं ते एकच. लाजेनं मान खाली घालून ते म्हणाले,

"जिल्हा झाला की."

त्यांना म्हणायचं होतं, चारी चाकं नीट करतो, मग नेतो. मला ते वरून कळलं. बाईंना जे कळायचं ते कळलं. त्यांनी घागर उचलली. "बरं," म्हणाल्या, आणि आत जाऊन गिरणी चालू केली. त्या दिवशी त्यांची घागर त्यांनीच उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी मी टाकीवर चढायला लागलो, तर सिद्रामप्पा म्हणाले, "पुढं बसा." सीटवर प्लास्टिक नव्हतं. मी बसलो. शिरूर येईपर्यंत रेडिओच बोलत होता.

मृगात पाऊस पडला, टँकर बंद झाले. दिवाळीनंतर शिवगंगाबाईंनी गिरणी विकली आणि लातूरजवळच्या मुरुडचे किराणा दुकानदार माणिकप्पा यांच्याशी लग्न केलं. पिकअपला अजून लोखंडी डिस्कच आहेत. उदगीर अजून तालुकाच आहे.